गाडी अडते ती जागा

१२ जानेवारी ९७, रविवार. बेलापूर.

निषेध नोंदवून ठेवतो. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू बनवायची, तिच्या पोटावर चार रंगांचे पट्टे ओढायचे आणि त्यांवरून तिची किंमत ओळखा म्हणायचं, ही कल्पना ज्या कोणाची असेल त्याला सर्व विभक्तिरूपं उलट्या क्रमानं म्हणायला लावावीत. तीही उभ्यानं. आकडा छापायला शाई संपली होती काय? तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार. पण लाल आणि नारिंगी यांतला भेद माझ्या नव्या चष्म्यालाही मान्य नाही. सकाळपासून दादाच्या अर्धवट राहिलेल्या, खेळण्याएवढ्या गाडीत तीन रेझिस्टर लावले. तिन्ही चुकले.

गायकवाड दाराशी उभे राहून बघत होते. कारखान्यात वीस वर्षं दादाबरोबर मीटर दुरुस्त केलेला माणूस. म्हणाले, "मास्तर, वर्णावरनं किंमत ठरवायची तुमच्याकडं जुनी सवय. हितं तरी चुकायला नको हुतं."

  त्यांनी तिन्ही उपटून काढले आणि पाच मिनिटांत नीट लावले.

वहिनी चहा ठेवून गेल्या. गाडीकडे न बघता विचारलं, "सवतीचं कुठवर आलं?" दादा असतानाही त्या गाडीला सवतच म्हणत. तेव्हा तो हसायचा.

आता पत्र्याच्या त्या खोलीत सोल्डरच्या राळेचा वास तेवढा आहे. दादाचं स्टूल गायकवाडांनी नेलं, वहिनींनीच दिलं. त्या जागी फरशीवर चार पायांचे चार काळे डाग आहेत.

संध्या. पाचची एस.टी. साडेसहाला आली.

१४ जाने., मंगळ. संगमनेर. संक्रांत.

सौ.ने तिळगूळ दिला आणि गोड बोलायची आठवण केली. गोड बोलण्यानंच घोटाळा झाला आहे, हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितो. कुठेतरी खरं असावं.

गेल्या महिन्यातला दादाचा दहावा. प्रवरेचा घाट. त्याला मूल नाही, म्हणून सगळं माझ्या हातून. पिंड ठेवले, मागे सरलो. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले, एकही हलेना. गुरुजी म्हणाले, मनात काय राहिलं असेल ते बोला.

मी पहिल्यांदा तेच बोललो जे कुणीही बोललं असतं. "दादा, वहिनींची काळजी करू नकोस. मी आहे." कावळ्यांनी तोंडं फिरवली. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आवाज माझा मलाच परका वाटला. मग वर्षश्राद्धाचं वचन झालं, पुस्तकांचं झालं, घराच्या डागडुजीचं झालं. तास गेला. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले.

गायकवाड बाजूला चपला काढून उभे होते. त्यांच्यात हा प्रकार नाही. छप्पन्न सालीच त्यांच्या वडिलांनी हे सगळं सोडलं. ते हळूच म्हणाले, "मास्तर, गाडीचं बोला की."

मी म्हणालो, "दादा, तुझी गाडी मी पुरी करतो."

एक कावळा उतरला. मधल्या पिंडाला चोच लावली.

घरी आल्यावर वहिनींनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून विचारलं, "कशाला शिवला हो, भावोजी?"

मी सांगितलं, "तुमचं नाव घेतलं आणि लगेच."

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी दहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या. आता हे वाक्य परत कसं घेणार?

१९ जाने., रवि. बे.

गाडी चालली!

तपशील: दोन मोटरी, जुन्या टेपरेकॉर्डरमधल्या. चाकं औषधाच्या डब्यांच्या झाकणांची. पुढे दोन मण्यांसारखे डोळे. एक न दिसणारा किरण टाकतो, दुसरा तो परत आला का बघतो. परत आला तर समोर काहीतरी आहे असं समजून गाडी थांबते, मागे सरते, वळते. इतकंच. दादानं निवृत्तीनंतरची सहा वर्षं या 'इतकंच'मध्ये घातली. वहीत दर पानावर चार ओळी इंग्रजी, एक ओळ स्वतःला शिव्या.

पहिल्या फेरीआधी वहिनी म्हणाल्या, काहीही असो, यंत्र आहे, पूजा झाल्याशिवाय चालवायचं नाही. मीच केली. गंध, अक्षता, फूल. बटन दाबलं. गाडी सरळ निघाली, सरळ भिंतीवर आदळली, फूल पडलं.

गायकवाड खाली बसले, बघितलं आणि हसून आडवेच झाले. "मास्तर! गंध कुठं लावलंय? डोळ्यालाच लावलं व्हय?"

पुसून काढलं. अष्टगंध एकदा सुकलं की चिवट असतं.

मग नीट चालली. भिंत आली, थांबली, वळली. कपाट आलं, थांबली, वळली. वहिनी दारात उभ्या. गाडी टेबलाकडे निघाली आणि मध्येच अडली. पुढे काही नव्हतं. रिकामी फरशी. मागे सरली, वळली, फिरून आली, पुन्हा तिथेच अडली. तिसऱ्यांदा मी स्वतः हातानं तिचं तोंड तिकडे केलं. वीतभर अंतरावर थांबली.

समोर स्टुलाचे चार डाग.

 मोटरींचा आवाज तेवढा. वहिनी आत गेल्या. चहा आला तो नेहमीपेक्षा गोड होता.

२० जाने., सोम.

आठवी ब, संधी. एकाही विद्यार्थ्याला आली नाही. मला शिकवता आली नाही, असं लिहिणं जास्त प्रामाणिक.

दिवसभर ती वीतभर फरशी डोळ्यांपुढे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. श्राद्धावरही ठेवतो की नाही, हे मला नक्की सांगता यायचं नाही. मंत्रांचा अर्थ कळत असला की ही अडचण होते. तरीही आज वर्गात शिरताना खुर्चीला वळसा घालून गेलो.

पुण्याहून दुसरं पत्र. शब्दकोशाचं काम, जूनपासून. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते. फेब्रुवारीअखेर होकार किंवा नकार कळवा म्हणतात. सौ.ला पहिलं पत्र दाखवलं होतं, ती मनातल्या मनात तिकडे घर लावायलाही लागली आहे. वहिनींना माहीत नाही. त्या बेलापूर सोडणार नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत आहे. दादाच्या आजारपणात मी एकदा सुचवून पाहिलं होतं. "मी इथंच बरी," एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

एक गोष्ट मी आजवर कुठेच लिहिलेली नाही. पुण्याच्या कामाचा अर्ज मी दादाच्या टेबलावर बसून लिहिला होता. गेल्या श्रावणात. त्यानं चष्मा कपाळावर ढकलून वाचला, एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाला, "जा. तुझं ते आहे." मग थोड्या वेळानं सोल्डर करता करता, वर न बघता, "हिचं काय, बघू."

मी जाणार आणि वहिनी मागे राहणार, हे त्याला ठाऊक होतं.

२६ जाने., रवि. बे.

सकाळी शाळेत झेंडा. नगरच्या दैनिकाला वार्ता पाठवली: 'उत्साहात साजरा.' दरवर्षी तीच पाठवतो. एखाद्या वर्षी निरुत्साहात साजरा झाला तरी कुणाला कळणार नाही.

एस.टी.त शिर्डीचे भक्त. एकाच्या पेढ्यांच्या पुड्यावर बसलो, त्यानं प्रसाद म्हणून तोच मला दिला.

बे.ला अडीच. खोली झाडलेली, पुसलेली, टेबलावरच्या तारा एका डब्यात. स्टुलाच्या डागांभोवतीचा गोल मात्र तसाच. तेवढ्यावर आठवड्याची धूळ. वहिनी त्याच्या कडेनं झाडू फिरवून गेल्या आहेत. त्या चालतातही कडेनंच. चहाचा कप टेबलावर ठेवायला सरळ चार पावलं आहेत. त्या सहा टाकतात.

गाडी पाच वेळा सोडली. पाच वेळा अडली.

वहिनी दारात बसून वाती वळत होत्या. सहाव्यांदा म्हणाल्या, "पुरे. दमवू नका."

कुणाला, ते विचारलं नाही.

त्या दूध आणायला गेल्यावर गायकवाडांनी पत्र्याकडे बोट केलं. पत्र्यात काचेचा एक तुकडा बसवलेला आहे, उजेडासाठी. दुपारी त्यातून ऊन बरोबर त्याच जागी पडतं. दादा स्टूल तिथेच ठेवायचा, कारण तिथेच दिसायचं.

"उन्हात बी तोच किरण असतोय, मास्तर. हिचा डोळा जुन्या पद्धतीचा. ऊन भरलं की त्याला वाटतंय समोर कायतरी हाय." त्यांनी बाहेर जाऊन काचेवर गोणपाट टाकलं. ठिपका विझला. गाडी डागांवरून सरळ निघून गेली.

गोणपाट मीच धावत जाऊन ओढून काढलं.

गायकवाडांनी माझ्याकडे बघितलं. "सांगायचं न्हाई म्हणता?"

"इतक्यात नको."

"बरं." मग जरा थांबून, "आता मुंबईला नवा सेन्सर निघालाय. तयार मॉड्यूल, तीन पायांचं. सेकंदाला अडतीस हजार वेळा मिचकावतंय आणि सोताचं मिचकावणं तेवढंच वळखतंय. ऊन असू द्या, दिवा असू द्या, फसत न्हाई. साहेबांनी वहीत लिवलंय बघा."

बघितलं. दादाच्या वहीत शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं: 'उन्हाचा घोळ. नवे मॉड्यूल मागवणे. मग झाली.'

मग झाली.

म्हणजे माझा शब्द पुरा व्हायचा तर तेच मागवावं लागणार. पत्र गायकवाडांनी लिहिलं, पत्ता मी घातला.

३० जाने., गुरु.

वहिनींचं कार्ड. वहिनी कधी पत्र लिहीत नाहीत. 'श्री. भावोजींस, तब्येत बरी. रविवारी चुकवू नये. गाडीची बॅटरी मी चार्जिंगला लावते, गायकवाडांनी दाखवले. दुपारी एकदा सोडून बघते. थांबते.'

शेवटचा शब्द एवढाच. पुढे टिंब.

सौ.नं वाचलं, परत वाचलं आणि कार्ड उलटं ठेवलं. "किती दिवस चालायचं हे?" मी म्हणालो, बॅटरीवर अवलंबून आहे. ती हसली नाही. बरोबर केलं.

९ फेब्रु., रवि. बे.

मॉड्यूल आलं. पार्सल माझ्या नावानं, केअर ऑफ दादा. पोस्टमन म्हणाला, "नाव बघून जरा दचकलो, मास्तर."

कापसात गुंडाळलेलं. काळं, चौकोनी, मध्ये फुगीर, हरभऱ्याच्या डाळीएवढं. तीन पाय. सहा वर्षांच्या कामातला शेवटचा तुकडा एवढासा. हातावर घेऊन बसलो.

आज लावलं नाही. कारण काय दिलं: सोल्डर संपलं. टेबलावर सोल्डरचं रीळ माझ्या कोपराजवळ होतं. गायकवाडांनी ते खिशात घातलं. "व्हय, संपलंय."

परतताना ते स्टँडपर्यंत आले. मी विचारलं, "त्या दिवशी घाटावर तुम्ही गाडीचंच का सुचवलंत?"

"कावळ्याला भूक लागली हुती. तुमी लई येळ लावला." थोडं चालल्यावर, "साहेबांशी मी वीस वर्षं बोललोय, मास्तर. बाईंबद्दल ते कुनाला शब्द मागनारे न्हवते. गाडीबद्दल मागत्याल."

"का?"

"गाडी कुनीबी करंल."

एस.टी. आली. हात केला. बसल्यावर त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग, वहिनींबद्दलचा, माझा मीच पुरा केला, आणि संगमनेरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो. दिसलं काही नाही. उसाच्या गाड्या असतील.

१६ फेब्रु., रवि. बे.

लावलं.

तीन पायांना सोल्डरचे तीन डाग द्यायचे होते. गायकवाड म्हणाले, तुमचा शब्द हाय, तुमीच द्या. लागले एकदाचे. दादा असता तर 'गोळे झालेत' म्हणाला असता. झालेच होते.

तीन वाजता ऊन बरोबर जागेवर. पांढरा ठिपका, मध्ये धूळ, कडेला चार डाग. वहिनी आज दारात नव्हत्या, आत येऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी बटन दाबलं.

गाडी कपाटाशी वळली, टेबलाकडे निघाली, उन्हात शिरली आणि थांबली नाही. धुळीत चाकांच्या दोन रेघा उठल्या. पलीकडे टेबलाच्या पायाशी बरोबर वीतभर आधी थांबली, मागे सरली, वळली, आणि पुन्हा तिथूनच परत आली. दोनदा. तीनदा. मी वाकून बंद केली.

वहिनी म्हणाल्या, "काय बदललंत?"

गायकवाड खाली बघू लागले. मीच सांगितलं. काच, ऊन, जुना डोळा, नवा डोळा. वर्गात शिकवतो तसं सांगितलं. दुसरं मला येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ऊनच होतं."

"हो."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"सव्वीस जानेवारीपासून."

"बरं," म्हणाल्या. मग कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ती मधली जागा झाडली. दोन हातांत झाली. धूळ सुपलीत घेऊन बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हात धुतलेले होते.

"भावोजी, ते जुनं परत बसवता येतं का?"

गायकवाड म्हणाले, "येतंय की, बाई. दोन मिनिटांचं काम."

"नको. विचारलं फक्त." आणि माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "कावळा गाडीला आला होता, हे मला त्याच दिवशी कळलंय. घाटावरनं दहा माणसं आली होती, कुणी ना कुणी बोलणारच. तुम्ही इतकं मनापासून सांगत होतात, म्हणून ऐकून घेतलं."

मी काही बोलायला गेलो. त्या म्हणाल्या, "राहू दे. मला राग त्यांचा येतो, तुमचा नाही. जन्मभर सवतीकडेच लक्ष." हसल्याही. "तुम्ही मात्र माझं नाव पहिलं घेतलंत ना? तेवढं खरं आहे ना?"

"ते खरं आहे."

"मग झालं. रविवारी येत जा."

"येईन," मी म्हणालो. घाटावर म्हणालो होतो त्याच आवाजात.

१८ फेब्रु., मंगळ.

गाडी पुरी झाली. लोक म्हणतात, इच्छा पुरी झाली की सुटका होते. दादाची झाली असेल तर चांगलंच. मला मात्र दोन दिवस टेबल-खुर्च्यांच्या मधून नीट चालता येत नाही. घरातल्या रिकाम्या जागा मोजत चालतो.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी विचारलं, गाडी प्रदर्शनात ठेवायची का? बातमी तुम्हीच द्या म्हणे. नाही म्हणालो.

सौ.ला आज सगळं सांगितलं. कावळ्याचं, दादानं वाचलेल्या अर्जाचं. ती पोळ्या लाटत ऐकत होती. मग, "आपण त्यांना महिन्यातून एकदा तरी जाऊन भेटूच ना पुण्याहून."

एकदा. मी रविवार मोजले. महिन्यात चार येतात, कधी पाच.

२३ फेब्रु., रवि. संगमनेर.

आज गेलो नाही. पहिला चुकवलेला रविवार. कारण असं काही नाही. दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर आहेत, ते उद्याही तपासता आले असते.

पुण्याला दोन पत्रं लिहून ठेवली आहेत. एक होकाराचं, एक नकाराचं. दोन्हींचं मराठी निर्दोष आहे. पाच दिवस उरलेत.

दुपारी तीनला घड्याळाकडे बघितलं. तिथे ऊन आता टेबलाच्या जवळ सरकलं असेल. वहिनींनी गाडी सोडली असेल का? सोडली तर ती आता अडणार नाही.

मला दादाची भीती वाटत नाही. गेलेल्या माणसानं एखाद्या दुपारी येऊन बसावं, इतकी काही ती खोली वाईट नाही. खरी काळजी लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला असं म्हणता येणार नाही की तेव्हा लक्षात आलं नव्हतं. नकाराचं पत्र मी दहा ओळींत लिहिलं आणि ते लिहिताना एकदाही अडलो नाही, कारण ते टाकायचं नाही हे हाताला माहीत होतं. मी पुण्याला जाणार आहे. जाताना वहिनींना सांगणार आहे की दर रविवारी येतो. त्या 'बरं' म्हणतील. मी येणार नाही हे त्यांना त्याच क्षणी कळलेलं असेल, आणि तरी मी मनापासून सांगतोय म्हणून त्या ऐकून घेतील.